सहमती झाली नाही तर काय होतं? क्रिल, पेंग्विन आणि ध्रुवीय समुद्रांचे नियम

हिमरेषा (धागालेखिका)

ध्रुवीय प्रदेशांच्या संवर्धनाचा विषय निघाला की अस्वलाचा फोटो आणि वितळता हिमनग यांच्यापुढे चर्चा सहसा सरकत नाही. मला आज नियमांबद्दल लिहायचंय. विषय रुक्ष वाटेल, पण तिथल्या जिवांचं बरंवाईट शेवटी या नियमांच्या एकेका कलमावर ठरतं, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात मासेमारी किती आणि कुठे करायची हे 'कॅमलार' नावाचा आयोग ठरवतो. करार १९८० चा, लागू झाला १९८२ मध्ये, कार्यालय टास्मानियातल्या होबार्टला. २७ सदस्य आहेत, भारतही त्यात आहे. दर ऑक्टोबरात बैठक होते आणि महत्त्वाचा प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने होतो. एकाने जरी नकार दिला तरी विषय बारगळतो.

तिथली सगळ्यात मोठी मासेमारी क्रिलची. जेमतेम सहा सेंटिमीटरचा, कोळंबीसारखा जीव. पेंग्विन, सील, देवमासे सगळ्यांचं पोट त्याच्यावर. अंटार्क्टिक द्वीपकल्पापासून साउथ जॉर्जिया बेटापर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे नकाशावरच्या 'क्षेत्र ४८' मध्ये, वर्षाला ६ लाख २० हजार टनांच्या वर क्रिल पकडायचा नाही अशी मर्यादा आहे. सगळी पकड एकाच जागेतून होऊ नये म्हणून २००९ मध्ये तिची वाटणी करून दिली गेली. द्वीपकल्पालगतच्या ४८.१ या उपक्षेत्रात एकूण मर्यादेच्या २५ टक्के, म्हणजे १ लाख ५५ हजार टन. तेवढी पकड झाली की तिथलं काम बंद.

या वाटणीच्या नियमाला मुदत होती आणि ती वाढवून घ्यावी लागायची. दरम्यान शास्त्रज्ञ जास्त बारीक, हंगाम आणि जागा बघून केलेल्या नव्या वाटणीवर काम करत होते; तिच्यासोबत द्वीपकल्पाजवळ एक मोठं सागरी संरक्षित क्षेत्र आणायचाही विचार होता. २०२४ च्या बैठकीत नव्यावर एकमत झालं नाही आणि जुन्याला मुदतवाढही मिळाली नाही. एकूण मर्यादा राहिली, वाटणी गेली. पुढच्याच हंगामात, २०२५ च्या ऑगस्टमध्येच सगळी मर्यादा भरली आणि मासेमारी मुदतीआधी थांबवावी लागली. हंगाम खरं तर नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. असं आधी कधीच झालं नव्हतं.

मला हे फार अस्वस्थ करणारं वाटतं. वाटणी अनावश्यक आहे असं विज्ञानाने दाखवून दिलं म्हणून ती गेली नाही. चर्चा फसली म्हणून गेली. ध्रुवीय प्रदेशांसाठी नियम करताना सगळ्यात आधी हेच विचारायला हवं, की उद्या आपलं एकमत झालं नाही तर मागे काय उरेल, संरक्षण की मोकळं रान?

तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा. असहमती असेल तर जास्तच आवडेल.

दर्यावर्दी

लेख आवडला. पण काळजी जरा जास्त वाटते, स्पष्टच लिहितो. २०१९ मध्ये अनेक देशांच्या जहाजांनी मिळून याच क्षेत्रातल्या क्रिलची ध्वनिलहरींनी मोजणी केली होती. आकडा आला सुमारे ६ कोटी २६ लाख टन. त्याआधी २००० मध्ये अशीच मोजणी झाली तेव्हाही ६ कोटींच्या आसपासच होता. मग ६ लाख २० हजार टन म्हणजे जेमतेम एक टक्का. जगात इतक्या कमी प्रमाणात पकडली जाणारी दुसरी मोठी मासेमारी सापडणं कठीण. विज्ञानाधारित धोरण म्हणायचं तर हा आकडाही विज्ञानाचाच आहे. शिवाय मर्यादा भरल्यावर बंद झाली ना मासेमारी? म्हणजे व्यवस्था चालते.

मुक्ता_क

वाचतेय. 'कॅमलार'चं नाव पहिल्यांदाच ऐकलं.

हिमरेषा

दर्यावर्दी, आकडे बरोबर आहेत आणि मुद्दा महत्त्वाचा आहे. पण हा एक टक्का कशाचा ते बघा. लाखो चौरस किलोमीटर पसरलेल्या समुद्रातल्या सगळ्या क्रिलचा. पेंग्विनला त्या सगळ्या समुद्राशी काही देणंघेणं नसतं. पिल्लू असलेल्या चिनस्ट्रॅप जातीच्या पेंग्विन जोडीतला एक जण किनाऱ्यावर थांबतो, दुसरा समुद्रात जातो, पोट भरून परत येतो, पिल्लाला भरवतो आणि मग पाळी बदलते. फेरी लांबली की पिल्लू उपाशी. त्यामुळे त्यांचा सगळा संसार वसाहतीपासून काही दहा किलोमीटरांच्या पाण्यावर चालतो. कोठार भरलेलं असलं तरी घरातला डबा रिकामा असेल तर त्या दिवशी उपासच घडतो. आणि जहाजांनाही तीच जागा सोयीची, कारण खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेला आणि द्वीपकल्पाजवळच्या ब्रॅन्सफिल्ड सामुद्रधुनीत क्रिलचे दाट थवे जमतात. उन्हाळा सरता सरता तिथे हंपबॅक देवमासेही चरबी साठवायला येतात, आणि जहाजांची गर्दीही अलीकडे त्याच सुमारास असते.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. द्वीपकल्पाजवळच्या पेंग्विनांच्या तीस वर्षांहून जास्त काळच्या नोंदी घेऊन केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जवळच्या पाण्यात उपलब्ध क्रिलच्या मानाने पकड जास्त झाली, की पेंग्विनांवर होणारा परिणाम हवामानाच्या वाईट वर्षाइतकाच ठरतो, असं त्यात दिसलं. एकूण पकड तेव्हाही 'एक टक्का'च होती. मोजमाप चुकीच्या पट्टीवर केलं की सगळं सुरक्षित दिसतं.

बरं, हे आयोगाला ठाऊक नाही असंही नाही. क्रिलसाठीचा त्यांचा मूळ हिशेबच वेगळा आहे. साध्या मासेमारीत अंडी घालणाऱ्या साठ्याचा निम्मा भाग राखला तरी चालतं असं धरतात. क्रिलसाठी ७५ टक्के राखायचा, कारण त्यावर जगणारे इतर जीव आहेत. १९८० च्या दशकापासून पेंग्विन आणि सीलच्या ठरावीक वसाहतींवर लक्ष ठेवायचा कार्यक्रमही त्यांनी चालवलाय. घरटं सोडताना पिल्लाचं वजन किती, आई-बापाची समुद्रातली फेरी किती तासांची, दरवर्षी त्याच पद्धतीने मोजतात. एवढं सगळं हातात असताना जागेची वाटणी मुदतवाढीअभावी जावी, हे सलतं.

पानगळ

या कराराच्या मागचा इतिहास इथे यायला हवा, म्हणून थोडं लिहिते.

साउथ जॉर्जियाच्या आसपास मार्बल्ड रॉककॉड नावाचा मासा भरपूर असायचा. १९६९-७० च्या एका हंगामात तिथून सुमारे ४ लाख टन मासा काढला गेला. दोन हंगामांत साठा कोसळला. पुढे तिथली मासेमारी बंद केली तरी तो पूर्वपदावर यायला दशकं पुरी पडली नाहीत. थंड पाण्यातले जीव सावकाश वाढतात, उशिरा वयात येतात. एकदा मोडलं की लवकर सावरत नाही. त्याच्या आधी सील आणि देवमाशांचं काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. १९७० च्या दशकात जहाजं क्रिलकडे वळायला लागली तेव्हा लोक जागे झाले, की आता सगळ्यांच्या ताटातलंच जाणार.

म्हणून १९८० च्या कराराच्या दुसऱ्या कलमात एक फार चांगली अट आहे. दोन-तीन दशकांत भरून येणार नाहीत असे बदल परिसंस्थेत होऊ द्यायचे नाहीत, तसा धोका कमीत कमी ठेवायचा. त्या काळात बहुतेक मासेमारी करार एकेका माशापुरते बोलत होते. इथे सगळ्या परिसंस्थेची जबाबदारी घेतलीय. मला वाटतं आयोगाला नवं तत्त्वज्ञान नकोय, स्वतःचं दुसरं कलम पाळलं तरी खूप झालं.

अभिजात

आर्क्टिकमध्ये याच्या उलट घडलंय, आणि ती फार मोलाची गोष्ट आहे.

उत्तर ध्रुवाभोवतीचा मध्य आर्क्टिक महासागर कुणाच्याच हद्दीत नाही, सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर. आजवर बर्फाखाली असल्यामुळे तिथे व्यावसायिक मासेमारी झालेलीच नाही. उन्हाळी बर्फ मागे हटायला लागला तेव्हा २०१२ मध्ये दोन हजारांहून जास्त शास्त्रज्ञांनी सह्यांचं पत्र काढून मागणी केली, की आधी अभ्यास होऊ द्या, तोवर जाळी टाकू नका. २०१८ मध्ये ग्रीनलंडच्या इलुलिसातला करार झाला आणि २०२१ मध्ये लागू झाला. नऊ देश आणि युरोपीय संघ. अमेरिका, रशिया, चीन तिघंही त्यात आहेत. विज्ञान पुरेसं होईपर्यंत व्यावसायिक मासेमारी सुरूच करायची नाही, आणि संशोधन सगळ्यांनी मिळून करायचं.

हे शहाणपण आलं कुठून? बेरिंग समुद्राच्या मधोमध एक तुकडा आहे, चहूबाजूंनी अमेरिका आणि रशियाच्या हद्दी आणि मध्ये कुणाचंच नसलेलं पाणी. १९८० च्या दशकात तिथे पोलॉक मासा बेसुमार पकडला गेला. १९९० च्या सुरुवातीला सगळं संपलं. मग १९९४ मध्ये नियम करणारा करार झाला, पण मासा काही परत आला नाही. तो अनुभव गाठीशी होता म्हणून आर्क्टिकमध्ये आधीच कुंपण घातलं गेलं.

मुक्ता_क

किती छान माहिती! एक शंका. अंटार्क्टिकातली खाणबंदी २०४८ मध्ये संपणार असं सगळीकडे वाचते. मग हे सगळं नियमांचं बांधकाम तेव्हा कोसळणारच ना?

हिमरेषा

मुक्ता, बरं झालं विचारलंत, कारण हा गैरसमज खूप पसरलाय. २०४८ मध्ये काहीही आपोआप संपत नाही.

अंटार्क्टिक करार १९५९ चा. त्याला जोडलेला पर्यावरण संरक्षणाचा माद्रिदचा पूरक करार (प्रोटोकॉल) १९९१ मध्ये झाला आणि १९९८ मध्ये लागू झाला. त्याच्या सातव्या कलमात एकच वाक्य आहे: वैज्ञानिक संशोधन सोडून खनिजांशी संबंधित कुठलीही गोष्ट करायला मनाई. तिला मुदत नाही. लागू झाल्यापासून पन्नास वर्षांनी, म्हणजे २०४८ पासून, एखादा सल्लागार देश (अंटार्क्टिक करारात निर्णयाचा अधिकार असलेला) फेरविचाराची परिषद मागू शकतो, एवढंच. बदल मंजूर व्हायला बहुमत हवं, आणि त्या बहुमतात १९९१ मध्ये सल्लागार असलेल्या २६ देशांपैकी तीन चतुर्थांश असायला हवेत. मग तो प्रत्यक्षात यायला त्या सगळ्याच्या सगळ्या २६ देशांची मान्यता लागते. भारत त्या २६ मध्ये आहे. वर खाणकामाची बंधनकारक नियमव्यवस्था आधी तयार असल्याशिवाय बंदी उठवताच येत नाही. एक वाट आहे खरी: मंजूर झालेला बदल तीन वर्षांत लागू झाला नाही तर एखादा देश या पूरक करारातून बाहेर पडू शकतो. पण त्यासाठी उघडपणे निघून जावं लागेल, सगळ्या जगासमोर.

आता हे क्रिलच्या नियमाशेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे सगळ्यांची संमती लागते. माद्रिदमध्ये ती बंदी *उठवायला* लागते, म्हणून भांडण झालं तरी संरक्षण टिकतं. क्रिलच्या वाटणीत ती नियम *चालू ठेवायला* लागत होती, म्हणून भांडण झालं आणि संरक्षण गेलं. सर्वसहमतीला दोष देणं सोपं आहे, मीही वैतागून तो देते. पण नियम कुठल्या बाजूला टेकवून ठेवलाय हे त्याहून महत्त्वाचं आहे.

उत्तरवारा

चर्चा उत्तम चाललीय. 'विज्ञान पुरेसं होईपर्यंत बंद' या सूत्राला एक दुसरी बाजू आहे, तीही नोंदवतो.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचे इनुपियाट लोक शेकडो वर्षं बोहेड देवमाशाची शिकार करत आलेत. विकण्यासाठी नाही, वाटून खाण्यासाठी. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने ती शिकार बंद करायचं ठरवलं, कारण मोजणीनुसार देवमासे फारच थोडे उरले होते. इनुपियाट शिकारी म्हणाले, तुमची मोजणी अपुरी आहे. तुम्ही बर्फाच्या कडेला उभं राहून समोरच्या मोकळ्या पाण्यातून जाणारे मोजता. बोहेड बर्फाखालूनही जातो, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो, आणि पुष्कळ तर किनाऱ्यापासून खूप लांबून जातात.

त्यांनी नुसता विरोध केला नाही. त्याच वर्षी स्वतःचा देवमासे आयोग काढला आणि शास्त्रज्ञांसोबत मोजणीची पद्धतच बदलायला लावली. बर्फाच्या कडेला पाण्यात ध्वनिग्राहक सोडले. वरून काहीच दिसत नसताना खालून जाणाऱ्या देवमाशांचे आवाज टिपले जाऊ लागले, आवाजाच्या दिशेवरून जागा काढता आली. शिकारी म्हणत होते तेच खरं निघालं. ही संख्या आता दहा हजारांच्या वर आहे, आणि शिकार ठरवून दिलेल्या कोट्यात चालू आहे.

सावधगिरीचा भार कोणाच्या खांद्यावर टाकतो तेही बघायला हवं, एवढंच माझं म्हणणं. लाखो टन उचलणारं जहाज आणि वर्षाला मोजके देवमासे मारणारं गाव यांच्याकडून एकाच मापाने पुरावा मागणं न्यायाचं नाही.

पानगळ

उत्तरवारा, फार महत्त्वाचं लिहिलंत. मध्य आर्क्टिकच्या करारात आदिवासी आणि स्थानिक लोकांचं ज्ञान विज्ञानाबरोबर वापरायचं असं स्पष्ट लिहिलंय, ते अशाच अनुभवांतून आलं असावं. आर्क्टिक देशांच्या 'आर्क्टिक परिषदे'तही आज सहा आदिवासी संघटना कायम सहभागी म्हणून बसतात.

दर्यावर्दी

हिमरेषा, जागेचा आणि वेळेचा मुद्दा पटला. तरी एक प्रश्न राहतो. तापमानवाढ अशीच चालली तर बर्फच राहणार नाही. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलाय. अशा वेळी जाळी कुठे टाकायची याच्या नियमांनी काय साधणार?

शिवाय बंदी हाच एक उपाय नाही. लांब दोरीला हजारो गळ लावून टूथफिश पकडतात, त्यात अल्बट्रॉस अडकून बुडायचे. १९९० च्या दशकात साउथ जॉर्जियाजवळ हजारोंनी मरायचे. मग दोरीला वजनं लावली, म्हणजे गळ झटकन बुडतात. दोरी रात्री सोडायची, जहाजामागे फडफडत्या पट्ट्यांची दोरी बांधायची, पक्ष्यांच्या विणीच्या काळात मासेमारी बंद, आणि प्रत्येक जहाजावर निरीक्षक. काही वर्षांत तिथले मृत्यू जवळपास शून्यावर आले. मासेमारी चालू राहिली आणि पक्षीही वाचले. हे मला खरं विज्ञानाधारित धोरण वाटतं.

हिमरेषा

अल्बट्रॉसचं उदाहरण मलाही खूप आवडतं. त्यातली विणीच्या काळातली बंदी आणि निरीक्षकांची सक्ती हे नियमच होते, तेही सहमतीने झालेले. म्हणजे जमतं.

बर्फाबद्दल. सम्राट पेंग्विन समुद्रावर गोठलेल्या बर्फावर पिल्लं वाढवतो. अंडं हिवाळ्याच्या तोंडाशी, आणि पिल्लाला पाण्यात टिकणारी पिसं यायला डिसेंबर उजाडतो. तोवर पायाखालचा बर्फ टिकायला हवा. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्राच्या एका पट्ट्यातल्या पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ त्याआधीच फुटला. उपग्रहाच्या चित्रांत बर्फावर विष्ठेचे तपकिरी डाग दिसतात, त्यावरूनच या वसाहती शोधतात. ते डाग बर्फासकट नाहीसे झाले. त्या चारही ठिकाणी एकही पिल्लू वाचलं नसावं असा निष्कर्ष निघाला.

हे होबार्टमधली कुठलीही बैठक थांबवू शकत नाही, ते कर्बवायूंच्या वाटाघाटींतच ठरणार. पण जो जीव एका बाजूने आधीच दाबला जातोय त्याच्यावरचा दुसरा दाब काढणं आपल्या हातात आहे. क्रिलची पिल्लंसुद्धा हिवाळ्यात बर्फाच्या खालच्या बाजूला वाढणारं शेवाळ खाऊन जगतात. बर्फ कमी होणार असेल तर पकडीची जुनी गणितं आणखी सांभाळून वापरायला हवीत, हे मला उघड दिसतं.

मुक्ता_क

आणि पर्यटन? तिकडे जाणाऱ्या बोटींच्या जाहिराती दिसतात हल्ली.

अभिजात

पर्यटनावर थोडक्यात: अलीकडे एका हंगामात लाखावर लोक जाऊन आलेत. एका वेळी एका जागी शंभरच माणसं उतरवायची, पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजाने कुणालाच उतरवायचं नाही, पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं, बूट जंतुनाशकात धुवायचे, कपड्यांच्या चिकटपट्ट्यांत अडकलेल्या बिया व्हॅक्यूमने काढायच्या. हे बहुतेक सहल कंपन्यांच्या संघटनेने स्वतःहून पाळलेलं. करारातल्या देशांनी शंभर-पाचशेचा नियम २००९ मध्ये मंजूर केला, पण पुरेशा देशांची मान्यता न आल्याने तो अजून बंधनकारक झालेला नाही. २०२४ मध्ये बर्ड फ्लूचा विषाणू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पोचला. तो पक्ष्यांबरोबर गेला असला तरी माणसांच्या बुटांवरून एका वसाहतीतून दुसरीत जाऊ नये म्हणून आता सक्ती हवीच. आणि गवताचं एखादं परकं बी तिथे रुजलं, तर ते नंतर उपटत बसायला माणसं कमी पडतात.

पानगळ

वेडेल समुद्राबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. २०२१ च्या फेब्रुवारीत 'पोलारश्टेर्न' हे जर्मन संशोधन जहाज फिल्शनर हिममंचाजवळ होतं. तळाच्या जरा वरून कॅमेरा ओढत नेताना खाली गोल खळगे दिसायला लागले. साधारण पाऊण मीटर रुंद, तळाशी बारीक खडे, त्यात हजार-दीड हजारांवर अंडी आणि राखण करणारा एक आइसफिश. एक, मग दुसरं, मग तासन् तास तेच. सुमारे २४० चौरस किलोमीटरमध्ये ६ कोटी घरटी असावीत असा अंदाज आहे. २०२१ पर्यंत ही वसाहत आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं!

'पुरावा आणा, मग संरक्षण देऊ' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगेन. तिथे तळावर काय आहे हे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही. वेडेल समुद्राचं संरक्षित क्षेत्र कितीतरी वर्षं बैठकीत अडकलंय, पूर्व अंटार्क्टिकाचंही. भारताने २०२१ मध्ये या दोन्ही प्रस्तावांना सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा जाहीर केला, ही समाधानाची गोष्ट.

उत्तरवारा

या प्रस्तावांना रशिया आणि चीनचा विरोध कायम असेल तर भारताच्या पाठिंब्याने काय होणार?

हिमरेषा

अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्राच्या संरक्षित क्षेत्राच्या वेळीही हेच म्हटलं जायचं. २०१२ पासून दर वर्षी नकार येत होता. शास्त्रज्ञ आणि राजनयिक दर वर्षी नकाशा सुधारून परत आणत राहिले. काही भाग वगळला, काही संशोधनापुरता खुला ठेवला. २०१५ मध्ये चीन तयार झाला, २०१६ मध्ये रशिया. १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटर, त्यातल्या ११ लाख २० हजारांत मासेमारी पूर्ण बंद. २०१७ च्या डिसेंबरपासून लागू आहे. त्यामुळे हे होऊच शकत नाही असं मी मानत नाही.

मात्र त्या सहमतीची किंमत म्हणून मुदत स्वीकारावी लागली: पस्तीस वर्षं. २०५२ मध्ये ते चालू ठेवायला पुन्हा सगळ्यांचा होकार लागेल. मध्य आर्क्टिकच्या करारालाही पहिली सोळा वर्षंच आहेत. पुढे पाच-पाच वर्षांनी तो आपोआप वाढतो, पण कुणी हरकत घेतली नाही तरच. म्हणून वेडेल आणि पूर्व अंटार्क्टिकाच्या मसुद्यांत मी क्षेत्रफळाच्या आधी मुदतीचं कलम वाचते. ठरावीक वर्षांनी शास्त्रीय आढावा जरूर घ्या, नकाशा बदला, गरज नसेल तिथे मोकळीकही द्या. पण आढाव्यानंतर एकमत झालं नाही तर आधीचं संरक्षण तसंच चालू राहील, एवढं वाक्य त्यात हवं. भारत सहप्रस्तावक आहे, तेव्हा ते सुचवण्याची जागा आपल्याकडे आहे. बैठकांचे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. ज्यांना रस आहे त्यांनी सांगा, मिळून वाचू आणि आपल्या प्रतिनिधींसाठी एक निवेदन इथेच तयार करू.

दर्यावर्दी

मी आहे. क्रिलच्या पकडीचे महिन्यावार आकडे मी काढतो.